बांदोलची तांबडी वाईन

बाबा, परवा आपल्या ओसरीवर काकांनी फ्रान्सची वाईन प्यायली. तुमचे हेच थोरले भाऊ, मी हॉटेलात दारू वाढते म्हणून तुमच्याशी दोन पावसाळे बोलले नव्हते. आईने मटण केलं होतं. मी स्टीलच्या फुलपात्रांतून थोडी थोडी दिली. आई एक घोट घेऊन म्हणाली, "बरी आसा, पण वायच साखर होयी होती." काकांनी फुलपात्र रिकामं करून पुढे धरलं. "मटणावांगडा बरी लागता गो. आणखी घाल." तुम्ही असतात तर मिशीत हसला असतात.

ती बाटली मी बांदोलहून आणली. गोव्याच्या आमच्या हॉटेलात वाईन निवडायचं काम आता माझ्याकडे आहे, म्हणून हॉटेलनेच मला तिकडे पाठवलं. फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समध्ये, समुद्राला लागून डोंगर आहेत. दगडी बांध घालून त्यांच्यावर पायऱ्यापायऱ्यांनी आपल्या शेतासारखे कुणगे काढलेत, आणि त्यांत भाताच्या जागी द्राक्षं. तुम्ही गेला असतात तर आधी बांध कुठे फुगलाय ते बघितलं असतंत. समुद्र एवढा जवळ, पण वारा कोरडा, त्यामुळे वेलींना बुरशी धरत नाही. मळ्याची मालकीण म्हातारी, पण माझ्यापुढे चढ चढत होती. तिच्या द्राक्षाचं नाव मूर्वेद्र. उशिरा पिकतं, रस कमी देतं, नखरे फार. "त्याला डोक्यावर ऊन आणि पायाशी समुद्र लागतो," ती म्हणाली.

तळघरात तिने लाकडाच्या मोठ्या पिंपातली कोवळी वाईन काढून दिली. काजूचा अर्धकच्चा बोंडू खाल्ल्यावर जीभ कशी ओढते, तसं झालं. माझं तोंड बघून ती हसली आणि जुनी बाटली उघडली. त्या वाईनला आधी करवंदांचा वास आला, मग कमावलेल्या चामड्याचा, आणि शेवटी त्या टेकड्यांवरच्या उन्हात तापलेल्या रानपाल्याचा. "ही तीच?" मी विचारलं. "तीच. आमच्याकडे तांबडी पिंपात दीड वर्ष तरी ठेवायचा नियमच आहे. बाटलीत ठेवाल तितकी निवळते. ज्याला घाई असेल त्याला मी गुलाबी विकते."

मग तिने सांगितलं, पूर्वी रोग पडून तिथल्या वेली गेल्या, तेव्हा लोकांनी भरभर पिकणारी, भरपूर रस देणारी द्राक्षं लावली. तिच्या वडिलांनी ती उपटून हे हट्टी द्राक्ष परत लावलं. "सगळा गाव त्यांना हसला," ती म्हणाली. तिथे, त्या गार तळघरात, मला तुम्ही आठवलात.

तोंडवलीचं स्थळ आलं होतं तो दिवस. पोरगी ऑफिसात आहे म्हणायचं, असं काकांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मी पोहे देतेय. मुलाची मावशी विचारते, "चेडू नोकरीक खंय आसा?" काका म्हणतात, "गोव्याक. ऑफिसात." तुम्ही खाली बघत बसला आहात. मग मान वर करता.

"ऑफिसात नाय. मोठ्या हॉटेलात आसा. खयच्या जेवणावांगडा खयची दारू बरी लागात, ता सांगूचा तिचा काम. तेचा तिना शिक्षण घेतला."

पाहुणे चहाला न थांबता उठले. काका अंगणातच ओरडले, "चेडवाचा वाटोळा केलंस!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "खोटा सांगान लगीन झाला असता, तर तिका जलमभर खोटा बोलूचा लागला असता."

काकांनी तुमच्याशी बोलणं टाकलं ते त्या दिवसापासून. पुढच्या आठवड्यात तुम्ही कुडाळच्या बाजारातून माझ्यासाठी काळे बूट आणलेत. "दिवसभर उभ्यान काम तुझा," एवढंच म्हणालात. ते एक नंबर मोठे होते. पुढे कापूस कोंबून मी ते झिजेपर्यंत वापरले. आज माझ्या हाताखालच्या मुली, गावाकडे काय सांगायचं, असं मला विचारतात, तेव्हा मी खोटं सांगून लग्न करण्याबद्दलचं तुमचं ते वाक्य मालवणीतच म्हणून दाखवते. त्यांना ते लगेच कळतं.

हा कागद कुठे पोचणार नाही, म्हणूनच हे लिहायला सोपं जातंय. पाहुणे उठून गेले त्या संध्याकाळी मी मागीलदारी रडत होते. तुम्ही येऊन शेजारी बसलात. "माझ्यामुळे मोडला गो," म्हणालात. मी डोळे पुसून आत निघून गेले. आई सांगते, आजारपणातही तुम्ही ते मनाला लावून घेतलं होतं. बाबा, मी लग्नासाठी रडत नव्हते. माझं काम चारचौघांत कुणी त्याच्या खऱ्या नावाने पहिल्यांदाच सांगितलं होतं, त्याने भरून आलं होतं. आणि तो मुलगा तर मला मुळीच आवडला नव्हता.