दुपारचा अर्धा तास

केप मॅडिसन, मिसुरी
ता. २४ मे १९९४

प्रिय दादास,
स. न. वि. वि.

फोन केला असता तर तोंडातून काय बाहेर पडलं असतं याची खात्री नव्हती, म्हणून लिहिते आहे. आज सकाळी केस कापायला गेले होते. मान बेसिनमध्ये, डोळ्यांवर पाणी, आणि शेजारच्या खुर्चीत मिसेस टॉल्बर्ट पेपर मोठ्यानं वाचत होत्या. चॅनल सहा एक्केचाळीस वर्षांनी कार्यक्रम पुरवणारं आपलं न्यूयॉर्कचं नेटवर्क सोडणार आणि सप्टेंबरपासून, फुटबॉल विकत घेतलेल्या नव्या नेटवर्कचे कार्यक्रम दाखवणार, असं छापलं होतं. वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, की तू तिथेच वृत्तसंपादक ना गं, मग आधी बोलली कशी नाहीस. बावीस वर्षं मी या गावाला बातम्या सांगते आहे आणि माझ्याच घरातली बातमी मला ओल्या केसांनी ऐकावी लागली. शाबास!

बाबांनी १९५३ साली शेतात मनोरा उभा करून स्टेशन काढलं, तेव्हा याच नेटवर्कनं त्यांना उभं केलं. बाबांना जाऊन सात वर्षं झाली नाहीत, तोच तू ती सोयरीक मोडलीस. स्टेशनात तुझे पस्तीस टक्के, माझे पंचवीस. आईचे चाळीस मिळाल्याशिवाय तुला हे करताच आलं नसतं. आई एक्क्याऐंशीची आहे. गेल्याच आठवड्यात तिनं माझ्यादेखत कॉफीत मीठ घातलं आणि ढवळून प्यायली. अशा बाईची सही तू कुठे घेतलीस? चर्चबाहेर, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून?

उत्तर लेखी दे. वहिनीला नमस्कार. तिचा यात काही दोष नाही.

लोभ आहे तो वाढवायची घाई नाही.
तुझी,
व्हर्ना

*

केप मॅडिसन
ता. ३१ मे १९९४

चि. व्हर्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शाई वाळायच्या आत पाठवलेलं दिसलं. तुला आधी सांगितलं असतं तर तू सहाच्या बातम्यांत सांगून मोकळी झाली असतीस. तुझ्या पोटात काही राहत नाही, हे तू पाच वर्षांची असल्यापासून मला ठाऊक आहे.

न्यूयॉर्कवाल्यांनी आपल्याला घरच्या मोलकरणीसारखं वागवलं. अमुक लावा, तमुक काढा, वर उपकार त्यांचेच. आता रविवारचा फुटबॉलही त्यांच्या हातून गेला. या गावात रविवारी दोनच गोष्टी होतात, चर्च आणि फुटबॉल. चर्च मला दाखवता येत नाही. नवे लोक फुटबॉल देताहेत, आणि वर बातम्यांना तासभर जास्तीचा मोकळा ठेवताहेत. तो तास तुझाच होता. पण तुला कौतुक कुणाचं, तर गेलेल्या माणसाच्या गेलेल्या सोयरिकीचं.

आईच्या सहीबद्दल म्हणशील तर चर्चनंतर तिच्याच स्वयंपाकघरात तिनं ती केली. मी पुढे ठेवलेल्या कागदावर आई सही करते, बाबा गेल्यापासून करत आली आहे. तेव्हा तुला कधी कॉफीतलं मीठ दिसलं नाही.

तू या स्टेशनात भागीदार आहेस तशी पगारी नोकरही आहेस, एवढं लक्षात ठेव.

तुझा वडील भाऊ,
लेलँड

*

चॅनल तेवीस, केप मॅडिसन
ता. १२ ऑगस्ट १९९४

श्री. लेलँड केलर यांस,
नमस्कार.

पत्राच्या माथ्यावरचा पत्ता पाहून दचकला असाल. पगारी नोकराला नोकरी सोडता येते, हे आपल्याला सुचलं नसावं. आपण हाकलून दिलेलं नेटवर्क गावात दार शोधत फिरत होतं, ते इथे आलं आहे, आणि मीही आले आहे. इथे कालपर्यंत कुस्त्या आणि पाद्री दाखवत असत, हे मला माहीत आहे. खाली गालिच्यांचं दुकान आहे, त्यामुळे स्टुडिओत धाग्यांचा वास येतो, हेही खरं. पण इथला मालक काही करण्याआधी विचारतो.

हॉइट बार्कलीही माझ्याबरोबर आला. तीस वर्षं या गावानं त्याच्या तोंडाकडे बघून छत्री घ्यायची की नाही ते ठरवलं आहे. निघताना त्यानं आपला हवामानाचा नकाशा भिंतीवरून उतरवून बरोबर आणला. आपल्या हिशेबी ती चोरी असेल, तर खुशाल पोलिसांत जा.

दुसरं म्हणजे, मी कोर्टात अर्ज केला आहे. आईचं मन तिच्या ताब्यात नाही, तिला कागद कळत नाहीत आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात, असं त्यात लिहिलं आहे. तीन मसुदे फाडून टाकले. तरी लिहिलं.

आपली म्हणवून घ्यायची सवय अजून सुटली नाही, म्हणून आपली,
व्हर्ना केलर

*

केप मॅडिसन
ता. ३ ऑक्टोबर १९९४

चि. व्हर्ना हिस,
आशीर्वाद, मागितलेले नसले तरी.

मला अहोजाहो करून तू मोठी होणार नाहीस. तीन वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून माझेच केस ओढणारी मुलगी मला आता श्रीयुत म्हणते! म्हण.

अकरा सप्टेंबरला बदल झाला. पहिल्या सोमवारी आमच्याकडे चारशे फोन आले. म्हाताऱ्या बायका रडत होत्या, आमची दुपारची मालिका कुठे गेली म्हणून. सगळ्यांना सांगितलं, तेवीसवर लावा. त्यांतल्या निम्म्या नदीपलीकडच्या. तुझ्या स्टेशनची लहर नदी ओलांडत नाही, व्हर्ना. तिकडे तू आणि हॉइट मुंग्यांच्या वारुळातून बोलल्यासारखे दिसता. नदीपलीकडच्यांना आता बातम्या हव्या असतील तर माझ्या, नाहीतर मुंग्या. तुझ्या स्वाभिमानाचा हा गावाला झालेला फायदा.

माझी बाजूही काही गोजिरवाणी नाही, ते तुला दिसतच असेल. नवे लोक संध्याकाळच्या आधी काहीच देत नाहीत. दिवसभर जुन्या मालिकांची खोडं पुन्हा पुन्हा दाखवतो आहे.

कोर्टाचा कागद आईकडे पोचला. तिनं चष्मा लावून तो सगळा वाचला, घडी करून एप्रनच्या खिशात घातला आणि मला म्हणाली, की भोपळ्याची भाजलेली पाई खाणार असलास तर बस, नाहीतर जा. माझ्या वकिलानं उत्तर दिलं आहे, की श्रीमती केलर नेहमीच मुलानं दिलेल्या कागदावर न वाचता सही करतात, तेव्हा यात फसवणूक कसली. आईनं त्याचीही प्रत मागून घेतली. गेले नऊ दिवस तिचा फोन नाही. तुला आला का?

लोभ असो वा नसो, उत्तर दे.
लेलँड

*

केप मॅडिसन
ता. १० ऑक्टोबर १९९४

चि. लेलँड व चि. व्हर्ना यांस,
अनेक आशीर्वाद.

एकच पत्र लिहून मध्ये कार्बन घातला आहे. कार्बनची प्रत कुणाला आली यावरून भांडू नका, डोळे मिटून घातली आहेत पाकिटात.

व्हर्ना, तू न्यायाधीशांना लिहिलंस की मला कागद कळत नाही. लेलँड, तुझ्या वकिलानं लिहिलं की मी न वाचता सही करते. जन्मल्यापासून तुम्हा दोघांचं कशावर म्हणून एकमत झालं नाही. ते झालं, तर आई बिनडोक आहे यावर झालं. कॉफीत चिमूटभर मीठ माझी आईसुद्धा घालत असे. कडूपणा मरतो. मुली, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

आता ऐका. १९५४ पासून सात वर्षं चॅनल सहावर दुपारी बारा वाजता स्वयंपाकाचा अर्धा तास माझा होता. तुम्ही शाळा-कॉलेजात असायचात, म्हणून तुम्हाला तो आईचा छंद वाटत आला. आठवड्याला दोनशे पत्रं यायची मला. नदीपलीकडची एक बाई लिहायची, की नवऱ्याशी बोलणं बंद आहे, दिवसात ऐकू येतो तो तुमचाच आवाज.

एकसष्ट साली एका सोमवारी पाईसाठी मळलेलं पीठ ओल्या फडक्यात गुंडाळून मी स्टुडिओत गेले, तर माझी शेगडी जागेवर नव्हती. दोन माणसं ती मागच्या अंगणात ढकलत नेत होती. तुमचे बाबा काचेपलीकडे पाठ करून उभे होते. न्यूयॉर्कला तो अर्धा तास मालिकेसाठी हवा होता. बाबा एवढंच म्हणाले, की ओपल, त्या लोकांना नाही म्हणता येत नाही. मी पीठ घरी आणलं आणि तुम्हाला पाई करून घातली. तुम्ही दुसऱ्यांदा मागितलीत. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं त्या न्यूयॉर्कवाल्यांना मी माझ्या जेवणाच्या टेबलावर हसून कॉफी वाढली.

लेलँड, मे महिन्यात तू कागद आणलास तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता. तुला आठवत नसेल, कारण तू घड्याळाकडे बघत होतास. मी विचारलं, की हे नवे लोक दुपारी काय दाखवतात. तू म्हणालास काहीच नाही, दुपार रिकामी. मग मी सही केली. पेन माझं होतं आणि कागद मी आदल्याच दिवशी वाचला होता. तू तो माझ्या टेबलावर विसरून गेला होतास.

अठरा तारखेला कोर्टात मी स्वतः येते आहे. वकील नको. आणि लेलँड, चाळीस टक्क्यांची मालकीण म्हणून सांगते, सात नोव्हेंबरपासून दुपारी बारा ते साडेबारा माझी वेळ. शेगडी गॅसची हवी. तुझी खोडं साडेबारानंतर दाखव.

यंदा थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला दोघांनीही माझ्याकडे येऊ नये. वेड्या बाईच्या हातचं खाणं धोक्याचं.

आशीर्वाद वर दिलेच आहेत, ते दोघांनी निम्मे निम्मे करून घ्या.
तुमची आई,
ओपल केलर

*

चॅनल तेवीस, केप मॅडिसन
ता. १८ नोव्हेंबर १९९४

प्रिय दादास,
नमस्कार, वि. वि.

अहोजाहो सोडली आहे. राग सोडलेला नाही. तू मला आधी सांगायला हवं होतंस, हे मी मरेपर्यंत म्हणणार. मात्र आईबद्दल जे लिहिलं ते मी लिहिलं, त्याला तू जबाबदार नाहीस. गेल्या महिन्यात कोर्टात न्यायाधीशांनी तिला त्या दिवशीची तारीख विचारली, तेव्हा तिनं तारीख सांगून वर त्यांच्या टायवर अंड्याचा डाग असल्याचं सांगितलं. मी मान वर केली नाही. अर्ज तिथेच मागे घेतला. बाहेर आल्यावर जिन्यात तिला हात द्यायला गेले, तर तिनं कठडा धरला.

आता आमची अवस्था ऐक. दुपारी बाराला माझ्या बातम्या आणि समोर तुझ्या चॅनलवर आई. सोमवारी मी कॅमेऱ्यात बघून पुलाच्या दुरुस्तीबद्दल बोलत होते, आणि स्टुडिओतले झाडून सगळे कोपऱ्यातल्या टीव्हीवर तिला कांदा चिरताना बघत होते. हॉइट तर पाऊस सांगायचा सोडून बघत होता. गेल्या आठवड्याचे प्रेक्षकांचे आकडे तुझ्याकडेही आले असतील. नदीच्या दोन्ही तीरांवर तिनं मला झोपवलं.

काल सुट्टी घेऊन घरी बसून तिचा कार्यक्रम पाहिला. एका बाईनं फोनवर तिला विचारलं, की मुलं मदत करतात का स्वयंपाकात. आई म्हणाली, की मुलांना मी कधी बोलावलंच नाही, चूक माझी. एवढं बोलून ती पुन्हा पीठ लाटायला लागली. मला ते बसल्या जागी लागलं. संध्याकाळी तिला फोन केला आणि कार्यक्रम पाहिला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, की बारा वाजता तू घरी होतीस म्हणजे काम चुकवलंस, आणि फोन ठेवला. तुला आत येऊ देते का? खरं सांग.

येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला माझ्याकडे कुणी नाही. टर्की एकटीपुरती मिळत नाही. वहिनीची हरकत नसेल तर मी तुमच्याकडे येईन. नेटवर्क हा शब्द काढलास तर ताटावरून उठेन, आणि आकडे काढलेस तर ताट घेऊन उठेन. जेवण झाल्यावर मात्र मला ते एकसष्ट सालचं सांग. तू तेव्हा तेवीसचा होतास आणि बाबांच्या हाताखाली शिकत होतास. त्या सोमवारी तू स्टेशनवरच होतास ना, दादा? शेगडी ढकलणारी ती दोन माणसं कोण होती, हे आईनं लिहिलेलं नाही.

लोभाचं गुरुवारनंतर पाहू.
तुझी धाकटी बहीण,
व्हर्ना