सफरचंदांमधलं खिंडार

लॉस मानिओस, ६ मे

एर्सिरा,

"ताई, सार्सा तोडू नकोस, आईच्या मुरंब्याची आठवण आहे ती," असं लिहिताना तुझा हात झडला कसा नाही? आशीर्वाद नंतर देते. मी बरी आहे, छप्पर गळतंय, झालं.

तिकडे कोमोदोरोत बसून तुला मुरंबा आठवतो. मला मार्चमधली मेंढी आठवते. सार्सेच्या काटेरी जाळीत तिची लोकर अडकली, आणि सुटायला जितकी धडपडली तितकी गुरफटली. मला सापडली तेव्हा चार दिवस झालेले. डोळे पक्ष्यांनी खाल्लेले, पोटात अळ्या वळवळत होत्या, आणि तुझी ती गोड काळी फळं तिच्यावरच गळून फुटली होती. मी तिथंच ओकले. फळांतसुद्धा अळ्याच असतात, बाई. आई साखरेत शिजवायची म्हणून दिसायच्या नाहीत.

जाळीच्या आत लांब शेपटीचे उंदीर राहतात, आणि सगळ्याच्या मधोमध आपला झरा आहे. जानेवारीपासून त्याचं तोंड दिसलेलं नाही. मी ओढ्यावरून बादल्या वाहते. गुडघे गेलेत. आणखी एक उन्हाळा असा गेला तर मेंढ्या विकून मला इथून उठावं लागेल.

जाळून पाहिली. दुप्पट आली, रांडेची.

मग शेतकी खात्याची एक पोरगी आली. बूट चकचकीत. म्हटलं, ही काय शिकवणार!

"मावशी, कोयता द्या." तिनं एक दांडी कापली. "बघा, गोल नाही, कडा आहेत. पान उलटं करा, खालून पीठ लावल्यासारखं पांढरं. काटा आकड्यासारखा वाकलेला. हीच ती. रानात आपली एक जमिनीवर सरपटणारी असते, बिनकाट्याची, तिला हात लावू नका."

"तिचा मुका घ्यायचा नाहीये मला. मरते कशी ते सांग."

"आधी चालते कशी ते बघा."

दांडी वाकते, शेंडा मातीला टेकतो, टेकला की मुळं धरतो आणि तिथून पुढची निघते. वर्षाला चार-पाच पावलं. आपण उलटं चालत गेलं की थोरली सापडते. तिचा गड्डा उपटायचा, नाहीतर वरून कितीही कापा, उपयोग नाही.

अर्धा दिवस आम्ही कापत उलट गेलो. मला खात्री होती, शेजारच्या एलेउतेरिओ म्हाताऱ्याच्या दारात निघणार. त्यानंच आपला झरा बळकावायला सार्सा लावली, असं आपल्या घरात सगळे म्हणायचो. आईनं त्याच्या मयताला मला पाव घेऊन जाऊ दिलं नाही, आणि तसंच समजून ती स्वतःही गेली.

निघाली कुठं? आपल्या हद्दीत. कुंपणात, सफरचंदाच्या दोन झाडांमधल्या खिंडारात. गड्डा वासराच्या डोक्याएवढा, आणि त्याच्या बाजूला बाकीचे, आडवे, एका ओळीत.

पोरगी म्हणाली, "इथं कुणीतरी ओल्या फांद्या रचल्यात."

मी म्हटलं, "असेल कुणी मूर्ख."

असले गड्डे ओढायला बैल लागतात, आणि बैलजोडी फक्त नोल्बेर्तोकडे आहे. हो, म्हाताऱ्याचा मुलगा नोल्बेर्तो. कागद घडी करू नकोस, वाच.

मी गेले. त्यानं बस म्हटलं नाही. "ओतिलिया, बाकी सगळं उपटून देतो. सफरचंदांमधलं खिंडार मी उघडणार नाही. ते एर्सिरानं बंद केलंय. तिनं सांगू दे."

"वीस वर्षं झाली, बाबा! काट्यांचा कसला मान ठेवतोस?"

"काट्यांचा नाही," म्हणाला, आणि बैलांना पेंढा टाकायला निघून गेला.

एर्सिरा, ते तू बंद केलं नाहीस. त्यानंही नाही. मी केलं.

बाबा सांगायचे, खिंडार बुजवायचं तर सार्सेच्या फांद्या आठवडाभर वाळवा, मग टाका, ओल्या मुळं धरतात. माझ्याकडे आठवडा कुठं होता? रविवारी तू त्या खिंडारातून नोल्बेर्तोबरोबर जाणार होतीस, हे मी ऐकलं होतं. आई अंथरुणात, आणि मला एकटीला तिथं टाकून तू निघणार होतीस. पहाटे कापून आणल्या आणि हिरव्याच रचल्या. तू मोजे फाडून परत आलीस आणि म्हणालीस, "त्यानं मला काटे लावले, ताई." मी कोंबडी सोलत होते. मान वर न करता म्हटलं, "दुसरं काय करणार ती माणसं."

शुक्रवारच्या बसनं तू गेलीस. त्याच्याकडे नाही, आणखी लांब.

ते वाक्य आठवलं की त्या मेंढीपेक्षा जास्त किळस येते. एवढंच लिहिता येतं मला. माफी कशी लिहितात ते शाळेत शिकवायच्या आत मी शाळा सोडली होती.

नोल्बेर्तोला मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन, पण आधी तुला कळायला हवं होतं. त्याला तुझ्या हातच्या दोन ओळी हव्यात: उघड, किंवा नको उघडू. मला शिव्या घालायच्या तर वेगळ्या कागदावर घाल, त्याच्या कागदावर नको. सान हुआनच्या सणानंतर चिखलात बैल रुततात, म्हणून चोवीस जूनच्या आत उत्तर पोचायला हवं. मी रोज बस बघायला जाणार आहे.

जिनं तुला अडवलं ती,
ओतिलिया