जागा घेतली

४ मे

आजपासून मी एका खोलीची मालकीण. एवढी वर्षं बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपलांचे आवाज ऐकत अभ्यास केला. आता वरची दादाची खोली माझी आहे. मोठं टेबल, लॅपटॉप, गोल फिरणारी खुर्ची आणि आतून लागणारं दार. ते दार मी सकाळपासून उगाचच किती वेळा लावलं आणि उघडलं.

साथीमुळे कॉलेज बंद आहे, पण उन्हाळी इंटर्नशिप मात्र सक्तीची. सगळ्या वर्गाच्या नाकी नऊ आलेत. कंपन्यांनाच कुलपं, मग शिकवणार कोण? माझी मैत्रीण टिटवी (दिवसभर तिचं तोंड चालू असतं, म्हणून टिटवी) अर्जांवर अर्ज करतेय, पण तिला साधा नकारसुद्धा कुणी कळवत नाही. मला घरबसल्या काम मिळालं ते दादामुळे. साथ सुरू झाल्यापासून तो याच खोलीत बसून ज्या कंपनीचं काम करत होता, तिथेच त्याने माझं नाव सुचवलं. स्वतः सोडतोय, कारण त्याला म्हणे याहून बरं काही मिळतंय.

रुजू होण्याची पद्धत गमतीची होती. समन्वयक मॅडम पडद्यावर आल्या, एकदम टापटीप, बोलणं गोड. त्यांच्याकडे जुना नियम आहे. दुसरं माणूस बसायला आल्याशिवाय पहिल्याने उठायचं नाही, जागा रिकामी ठेवायची नाही. दादा खुर्चीत, मी शेजारी उभी. जागा सोडली असं म्हणून तो उठला. मी बसले आणि म्हटलं, जागा घेतली. मला हसू आवरेना. दादाने मात्र मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, एकेक पायरी गाळत जिना उतरला.

दुपारी तो खाली आमच्यासोबत जेवला. बाबा कामाच्या गावी अडकलेत, म्हणजे आई, तो आणि मी. इतके महिने आई त्याचं ताट वर दाराशी ठेवून यायची. आज त्याने तीनदा वाढून घेतलं आणि आई त्याच्याकडे बघत सारखे डोळे पुसत होती. मी म्हटलं, काम मला लागलं आणि रडायचं ह्याच्यासाठी, हे बरं आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दादाने माझ्या डोक्यात टपली मारली आणि म्हणाला, ठमे, तुझे उपकार नाही विसरायचो.

७ मे

काम असं. कंपनीचं ऑफिस बंद आहे. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये कॅमेरा आहे आणि त्यातून दिसणारा हॉल मी घरी बसून बघायचा. काही हललं, पडलं, गळलं तर लिहून कळवायचं. जेवायला जाताना चॅटमध्ये ‘उठते’ आणि परत आल्यावर ‘बसले’ असं टाकायचं. थोडक्यात, मी खुर्च्या राखते. टिटवी म्हणाली की माशा मारायचं प्रमाणपत्र मिळत असेल तर तिलाही हवंय, आणि कंपनीत आणखी कुणाची गरज असली तर तिला विसरू नको.

हॉल तसा कुठल्याही ऑफिससारखा. टेबलांच्या दोन रांगा, संगणकांवर प्लॅस्टिकची आवरणं, साथीच्या पहिल्या महिन्यावर थांबलेलं कॅलेंडर, वाळून कोळ झालेल्या कुंड्या. खिडकीजवळच्या एकाच टेबलावर आवरण नाही. तिथल्या खुर्चीवर निळी गादी आहे. कुणाची तरी लाडकी जागा असणार.

११ मे

दर सोमवारी मॅडम करिअरबद्दल बोलतात. मी खरं ते सांगून टाकलं. बाबांना मी बँकेत जावं असं वाटतं, मला कधी वकिली करावीशी वाटते, कधी वाचनालयात काम करावंसं वाटतं, आणि निम्म्या वेळा काहीच वाटत नाही. मग त्यांनी विचारलं की पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे बघते. मी म्हटलं, कुठेही, पण माझी स्वतःची जागा हवी. जिथून मला कुणी ऊठ म्हणणार नाही. दिवाणावर बसणाऱ्या मुलीला घरात किती वेळा ऊठ म्हणतात, ते ज्याचं त्यालाच माहीत.

मॅडम फारच खूश झाल्या. म्हणाल्या की तुमच्या दादांना हे उत्तर काही केल्या जमलं नव्हतं.

१५ मे

आज पहिल्यांदा काहीतरी कळवलं. खिडकीजवळची निळी गादी मधोमध दबलेली दिसते, कुणी बसल्यासारखी. परवा तशी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मॅडमनी आभार मानले आणि लिहिलं की ते तसंच असायला हवं.

तसंच म्हणजे कसं, ते विचारायचं राहून गेलं. दादा अजून एकदाही वर आलेला नाही. त्याचा चार्जर इथेच आहे. खालून हाक मारून मला आणून द्यायला लावतो.

१८ मे

मी आज एक वेडेपणा केला. पडद्यावर नजर ठेवून हळूच खुर्चीतून उठले. तिकडे निळी गादी फुगून वर आली. मी बसले. गादी दबली.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. भर दुपारची वेळ, खिडकीतून ऊन आत आलेलं, खाली आई कुणाशी तरी फोनवर हसत बोलतेय, आणि माझ्या अंगावर काटा. मी डाव्या बाजूला कलून बसले. गादीही डावीकडे दबली.

२० मे

दादाला सांगितलं. कॅमेरा जुना आहे म्हणाला. मी म्हटलं, चल वर आणि बघ. त्याचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. त्याला म्हणे नव्या कामाचा फोन यायचा होता. नवं काम कुठलं, ते अजून त्याने सांगितलेलं नाही. दिवसभर तो अंगणात बसतो, उन्हात, हात-पाय पसरून.

मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले, तर माझी सावली शेजारी पडली नाही. ढग आला असेल.

२३ मे

खाली जेवायला गेले, तर टेबलावर दोनच ताटं. मी म्हटलं, आई, माझं? ती दचकली. विसरले ग म्हणाली आणि लगबगीने तिसरं घेतलं, पण आधी तिने दादाकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. दोघांचं माझ्यापाठीमागे काहीतरी ठरलेलं असावं, असं ते होतं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला, स्पीकरवर होता. मी बोलत होते, त्यांना हसवत होते. मध्येच ते म्हणाले, ठमी कुठे आहे, तिला दे की फोन. मी म्हटलं, बाबा, मीच बोलतेय. ते हॅलो हॅलो करत राहिले. दादाने फोन उचलला आणि सांगितलं की ती कामात आहे.

मी तिथेच होते. त्याच्या कोपराला माझा हात लागत होता.

२६ मे

आज आईने ताट वर दाराशी ठेवलं. मी खाली येते असं म्हटलं होतं. ठेवलं आणि जिना उतरून गेली.

खिडकी उघडली. खाली आमचं अंगण नाही. आखलेल्या पांढऱ्या रेघा, रिकामं पार्किंग. बंद केली. परत उघडली तर अंगण होतं, दादा होता. मी हाक मारली. त्याने वर पाहिलं आणि मान खाली घातली.

त्याला ऐकू आलं. मला माहीत आहे, त्याला ऐकू आलं.

२८ मे

मॅडमना लिहिलं, मला काम सोडायचंय. प्रमाणपत्र नको, काही नको. लगेच उत्तर. अवश्य सोडा, कुणावर सक्ती नाही, फक्त जागा घ्यायला कुणीतरी आणा. तुमच्या दादांनीही तेच केलं होतं. त्यांना तर फार घाई होती. आम्ही सगळं नीट समजावून सांगितलं होतं त्यांना, जागेवरच्या माणसाचं काय होत जातं ते. तरी त्यांनी तुमचं नाव दिलं.

सगळं समजावून सांगितलं होतं.

माझी पुस्तकं त्याने स्वतः उचलून वर आणली होती. खुर्चीची उंची माझ्यासाठी कमी करून दिली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सख्ख्या भावाने, माझ्या डोक्यात टपली मारून.

२९ मे

आई आली. दाराबाहेर पायरीवर बसली, आत नाही आली. कान दाराला लावला की तिला अजून माझं ऐकू येतं.

तिलाही ठाऊक होतं.

म्हणाली, तो विरत चालला होता. त्याचं पाऊल वाजेना. एकदा ती ताट घेऊन आत आली तर खुर्ची रिकामी, आणि लॅपटॉपमधून त्याचा आवाज, आई, आई. मग तिने त्याला वचन दिलं की काहीतरी करते. नाव तिने सुचवलं. दादाने नाही, तिने.

मी विचारलं, तू का नाही बसलीस. म्हणाली, घर कुणी बघितलं असतं. आणि मग अगदी हळू, की तू काय, आज ना उद्या जाणारच होतीस.

मी दारावर लाथा मारल्या. आवाज झाला नाही.

जाताना म्हणाली, तुझी ती मैत्रीण आहे ना, बडबडी. तिला काम हवंय. दादा बोललाय तिच्याशी, तुझ्या नावाने.

३० मे

टिटवी कॉलवर. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बांधलेले, मागे त्यांचं स्वयंपाकघर. तिची आई मागून डोकावून हात हलवून गेली. टिटवीचं तोंड आनंदाने बंद होत नव्हतं. माझे उपकार म्हणाली ती. तिला मी दिसत होते. तिला माझं ऐकू येत होतं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे बघून हसत होतं.

मॅडम म्हणाल्या, चला, म्हणा. दोनच शब्द, जागा सोडली, की ती तिकडून, घरूनच, घेईल. मी उठून खाली जाईन, टेबलावर बसेन, तीनदा वाढून घेईन. दादासारखी. मला ते हवं होतं. लाज सोडून लिहिते, फार हवं होतं. जीभ उचललीही होती.

तिने विचारलं, ऑफिस उघडलं की मिळणारी खुर्ची मऊ आहे ना ग, माझी पाठ दुखते.

मी म्हटलं, टिटवे, तू इथे नकोयस. दिवसभर चकाट्या पिटणारी मुलगी मला माझ्या जागेवर नको. तुझ्यासाठी मी शब्द टाकला ही माझी चूक. असंच बोलत राहिले, जे जे तिला लागेल ते शोधून शोधून. ती रडायला लागली. अशी वागशील असं वाटलं नव्हतं म्हणाली आणि कॉल तोडला.

तिला वाटतंय मी दगा दिला. वाटू दे.

मॅडम हसल्या. मग आता कायमच्या का, म्हणाल्या.

१ जून

दार उघडत नाही. हँडल आहे, पण हात —

प्लॅस्टिकचा वास. वाळलेल्या कुंड्या, माझ्या डाव्या हाताला. खाली निळी गादी. मी उठले. उठले असं वाटलं, पण —

ही वही मात्र माझ्याजवळ आहे. पेनही चालतंय. कुणाला वाचायची आहे म्हणा —

२ जून

माझ्या पुढ्यातला पडदा लागलाय. त्यात आमची खोली दिसतेय. लॅपटॉपचा कॅमेरा सुरूच राहिलाय तिकडे. रिकामी फिरती खुर्ची, चादरीची घडी, ऊन.

आई आली. केर काढतेय. आज न घाबरता आत आली, म्हणजे आता आत कुणी नाही, असं तिला —

हाक मारतेय. आई. आई. ओरडतेय. घसा फाटेल इतकं.

थांबली. केरसुणी हातात तशीच. ऐकू येतंय तिला. येतंय. जवळ आली. टेबलाशी वाकली. तिचं तोंड एवढं मोठं पडद्यावर. डोळे भरलेत. सरळ माझ्याकडे बघतेय. दादासाठी अशीच आली असणार, अशीच वाकली असणार, मग वचन —

आई, मी आहे. इथे आहे. मलाही —

मान हलवतेय. नाही म्हणून. ओठ हलतायत, पुटपुटतेय काहीतरी, सारखं तेच तेच. हात पुढे केला. लॅपटॉपच्या झाकणावर ठेवला. तिची बोटं पडद्याच्या वरच्या कडेला, खोली तिरपी होतेय, आता फक्त तिची हनुवटी, आता टेबल, आई नको, आई झाकण ना