अक्षर तुमचं, नोकरी माझी

प्रिय अण्णा,

आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून माती दिली, त्याला आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाला पत्र लिहू नये म्हणतात, आणि लिहून तरी कुठल्या पेटीत टाकणार? पण माझ्यापुढे दुसरं माणूस उरलेलं नाही. आई समोर बसलीय, पण तिच्यापुढे रडायला लागले की ती माझ्याआधी खचते. काल मला शाळेतल्या नोकरीवरून काढलं, अण्णा. कारण ऐकाल तर तिथं बसल्या जागी कपाळाला हात लावाल.

कारण आहे तुमचं अक्षर.

चौकातला तुमचा फलक आठवतो ना? निवृत्त झाल्यावर केवढ्या हौसेनं करून घेतलात. वरच्या भागात रोज सकाळी तुमचा सुविचार, खालचा भाग लोकांसाठी मोकळा, आणि खडूंचा डबा तारेनं बांधलेला. कुणाची म्हैस हरवली, रेशनची साखर कधी येणार, पाथरीची गाडी आज का चुकली, ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहावं. आईनं तेव्हाच विचारलं होतं, "नावाबिगर कशाला लिहू द्यायलात? उद्या कोणीबी काहीबी खरडंल." तुम्ही हसून म्हणालात, "नाव घाला म्हणलं तर गरीब माणूस खडूला हातच लावणार न्हाई." तुमचं बरोबर होतं. आईचंही बरोबर होतं, हे मला आता कळतंय.

यंदा आमच्या संस्थेनं शाळेत पाण्याचा हौद बांधला. त्याला नळ दोन, एक पुढे आणि एक मागे, मुतारीच्या बाजूला. मागचा नळ वस्तीतल्या पोरांसाठी. असा हुकूम कुणी काढलेला नाही हं. हेडमास्तर छडी घेऊन उभे राहतात आणि रांगा आपोआप लागतात. सोनपेठात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग एका सकाळी फलकावर ओळ दिसली: "शाळेला नळ दोन का?" कुणी पुसली नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तिच्याखाली दुसरी आली: "अध्यक्षसाहेब, एकदा मागच्या नळाचं पाणी पिऊन बघा." लोक भाजीच्या पिशव्या खाली ठेवून वाचत होते, हसत होते. मीसुद्धा हसले. मग अक्षराकडे नीट पाहिलं आणि हसू थांबलं. उजवीकडे कललेली ओळ, एका दमात ओढलेली शिरोरेघ, 'र'ची शेपटी ओळीखाली लांब सोडलेली. क्षणभर वाटलं, तुम्हीच येऊन लिहून गेलात की काय!

पण गावातला कोण तसं लिहीत नाही, सांगा? सगळ्यांना तुम्हीच शिकवलंत. पाटावर धूळ पसरून, पोराच्या मागे मांडी घालून, त्याचा हात आपल्या हातात धरून अक्षर गिरवून घ्यायचात. ज्या काळात दुसरे मास्तर वस्तीतल्या पोराची पाटी लांबूनच बघायचे, त्या काळात तुम्ही त्याचाही हात धरलात. घरी आल्यावर आजी तुम्हाला अंघोळ केल्याशिवाय ओसरीवर चढू देत नसे, आणि तुम्ही गुमान अंघोळ करायचात. मला तुमचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो. म्हणून तर इतकं लागतंय.

कारण त्या दोन ओळींच्या खाली आणखी ओळी आल्या. "लिहिणारा मर्द असंल तर समोर ये." मग, "मर्द कशाला, बाई असंल." मग, "नवऱ्यानं टाकलेली बाई शाळेत कुणाच्या मेहेरबानीनं शिकवते?" ती बाई मीच. त्याच्या खालचं मी तुम्हाला सांगणार नाही. बाप असलात तरी नाही सांगणार. माझ्या वर्गातल्या मुली येता-जाता ते जोडून जोडून वाचत होत्या.

आणि ती घाण कुणाच्या अक्षरात होती? तुमच्याच, अण्णा. तीच कललेली ओळ, तीच शेपटी. हात धरून शिकवलेल्या हातांनीच ती लिहिली. त्यांना अक्षर देताना पुढे हे लिहितील असं तुमच्या मनातही आलं नसेल, नाही?

संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी मला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "बाई, आमी काय तुमचे दुश्मन हाव का? पर अक्षर मास्तरांचं हाय. मास्तर तर गेले. मग त्या घरात लिहिणारं कोण ऱ्हायलं, तुमीच सांगा."

मी म्हटलं, "साहेब, निम्मं गाव असंच लिहितं. तुम्हीसुद्धा."

ते हसले नाहीत. म्हणाले, "विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा पेटायलंय. अशात असलं लिहिणं म्हंजी काडी टाकणंच की. कोणाचं काम हाय ते आमाला ठाऊक हाय. मिलिंद. त्याची पोरगी तुमच्या वर्गात हाय, अन् तो रोज मोर्च्याच्या बैठकीला जायलाय. पर आमी म्हणून चालत न्हाई. तुमी मास्तरांची लेक. तुमी म्हणलात तर गाव मानंल. हितं दसकत करा, अन् सोमवारी वर्गावर या."

कागद तयारच होता. वर फलकावरच्या पहिल्या दोन ओळी उतरवलेल्या, आणि खाली: 'सदरहू मजकूर मिलिंद याने लिहिला असून मी त्याचे अक्षर ओळखते.' मी सही केली नाही. मग दुसरा कागद माझ्या हातात दिला, माझ्या बडतर्फीचा. तो शाळेच्या कारकुनानं लिहिला होता. त्यातल्या 'र'ची शेपटीही लांब होती. मी ती बघत बसले, तर साहेबांना वाटलं मी विचार करतेय.

मला फार शूर समजू नका. घाबरून पेन उचललंच नाही म्हणून सही झाली नाही, असंही असेल.

तुमचे जावई मला सोडून गेले तेव्हा तुम्ही मला परभणीला डी.एड.ला घातलंत. लोक म्हणाले, म्हातारा पोरीला आणखी बिघडवायलाय. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "वर्गात उभी ऱ्हा. मग कुणापुढं वाकायची गरज न्हाई." त्याच वर्गातून मला बाहेर काढलंय. आता मी कुठे उभी राहू? आईचा दमा, हे घर, माझं तोंड वर करून चालणं, सगळं त्या वर्गावर उभं होतं. चाळिशीला आलेल्या टाकलेल्या बाईला, जिच्याबद्दल फलकावर तसलं लिहिलं गेलंय, दुसरी शाळा कोण देईल?

काल दुपारी मिलिंद आला. तोच तो, तुमच्या मांडीत बसून गिरवताना झोपी जायचा तो. दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "बाई, त्या पहिल्या दोन ओळी माझ्याच हायेत. बाकीचं मी न्हाई लिव्हलं, आईची आन. पोरगी रोज तहानेली घरी यायची. मागच्या नळाला वास येतो म्हणून पीतच नव्हती. तुमी कशाला भोगायलात? मी जातो साहेबाकडं."

मी म्हटलं, "जाऊ नकोस."

"पर तुमची नोकरी..."

"वस्तीत तुझं एकट्याचं घर आहे का रे?" एवढंच विचारलं. त्याला समजलं. नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्याच्या काकाचं घर जळालेलं त्यानं पाहिलंय. तो खाली मान घालून गेला.

आणि तो गेल्यावर मी काय करत होते, सांगू? तो माझं न ऐकता साहेबांकडे जाईल का, याची वाट बघत बसले होते. रस्त्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, आता शाळेचा शिपाई येईल, सांगेल की बाई, तुमचं मिटलं. अशी आहे तुमची लेक. कुणी आलं नाही.

आई म्हणते, "दसकत करून टाक माय. तो बोललाच न्हवं की त्यानं लिव्हलंय म्हणून? खोटं थोडंच हाय?" खोटं नाहीच. पण त्या कागदावर फक्त पहिल्या दोन ओळी आहेत. माझ्याबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचं नाव मला कुणीच विचारलं नाही.

तुमच्यावर थोडं रागावू का? ती दंगल झाली तेव्हा मी कॉलेजात होते. पलीकडच्या गावातला धूर आपल्या गच्चीवरून दिसत होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिलात: 'नियमित व्यायामाने शरीर निरोगी राहते.' मी विचारलं, आजही हेच? तुम्ही म्हणालात, "मास्तरानं मास्तरकी करावी." त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत हेही मला माहीत आहे. पण न जेवल्याचं कुणाला वाचता येतं, अण्णा? इतकं सुंदर अक्षर होतं तुमचं. त्या एका दिवशी त्याचं काही केलं असतं तर?

असो. तुम्हाला काय बोलू? तुम्हालाही घर होतं, पोर होती. ती पोर मीच होते.

मला खूप भीती वाटतेय. जेवण जात नाही. बडतर्फीचा कागद मी आईच्या नजरेआड ठेवलाय, तरी सारखा दिसतो. पण काय करायचं ते ठरलंय. आईला देवगाव फाट्याला मामाकडे पाठवते, मामा उद्या न्यायला येतोय. मागे मला काही झालं तर निदान तिनं बघायला नको.

आणि तुम्हाला वचन देते: मिलिंदचं नाव माझ्या हातानं कुठल्याही कागदावर जाणार नाही. सोमवारी शाळा भरायच्या वेळेला, सगळं गाव चौकात असताना, मी फलक ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसणार आहे. वरचं, खालचं, सगळं. आणि भरदिवसा एकच ओळ लिहिणार आहे: "शाळेला नळ दोन का?" अक्षर ओळखायची तसदी कुणाला पडू नये म्हणून तिच्याखाली पूर्ण नाव घालणार आहे. नवऱ्याचं आडनाव लावायचं की तुमचं, यावर कालपासून अडले होते. दोन्ही नकोत असं ठरलं. गाव मला ज्या नावानं ओळखतं आणि जे माझ्याकडून काढून घेतलंय, तेच लिहीन.

तुमची,
सुमनबाई, इयत्ता दुसरीच्या वर्गशिक्षिका