भट्टीचं मीठ

मुळशी, १ मे

ती. सौ. ताईस किशोरचा नमस्कार. वि. वि.

तुझी चिठ्ठी दूधगाडीच्या साबीरनं आणून दिली. माझा फोन धरणात पडल्यापासून तोच आपला टपालवाला. तुमच्या शेजारच्या फार्महाउसच्या मेधाबाईंना येत्या रविवारी काहीतरी फळाचं, भाजलेलं गोड हवंय, आणि पसंत पडलं तर दर शनिवार-रविवारचा स्वयंपाक त्या तुझ्याकडे देणार. लग्न झाल्यापासून तुला स्वतःचं काम हवंय, म्हणून सांगतो. नाहीतर आमच्या रिसॉर्टातल्या त्या फ्रूट बेकचं नुसतं नाव काढलं तरी मला मळमळतं.

डबा फोडायचा. आत अननसाचे तुकडे असतात, बुळबुळीत, दात पडलेल्या माणसानं चघळून ठेवल्यासारखे. मधे चेऱ्या, त्यांचा लाल रंग बोटाला लागला की लवकर जात नाही. हे पाकासकट ट्रेमधे ओतायचं. वरून मैदा, साखर, दूध पावडर, चमचाभर बेकिंग पावडर कोरडंच भुरभुरायचं आणि पातळ केलेलं बटर सोडायचं. ढवळायचं नाही. मी पहिल्या दिवशी ढवळलं, तर शेफ इंद्रजितनं मला सगळ्यांदेखत अडाणी ठरवलं. पाहुणे दोन चमचे खातात, उरलेल्यात सिगारेट विझवतात, आणि ते खरवडायला मी. बाहेर कुंपणाला करवंदं काळी होऊन गळतायत, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. परवा ओंजळभर खात होतो, तर एक धामण दिसली, माझ्याहून लांब. तिच्या मागं मागं पार धरणापर्यंत गेलो आणि संध्याकाळची पाळी बुडाली. असो.

तू तो फळांचा डबा आणू नकोस. घरचे रायवळ आंबे आणि करवंदं घाल, बटरऐवजी तूप. ओव्हन नाही, तर मोठ्या पातेल्याच्या तळाला दोन पुडे मीठ पसर, वर ताटली, ताटलीवर भरलेला डबा, घट्ट झाकण, मंद जाळ, झाली भट्टी. वरचा थर लाल झाला की उतरव. तुझ्या सासूबाईंना, सारजामावशींना, हे बघून ओकारी येईल, त्यांना जरा लांब ठेव. मिठाचं अजून एक सांगायचं होतं, पण साबीर हॉर्न वाजवतोय.

लोभ आहे तो आंबू देऊ नकोस.

तुझा,
किशोर


रिहे, १३ मे

चि. किशोर यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र जेवणाआधी वाचलं ही माझी चूक. पण तू सांगितलंस तसं केलं. आंब्याचा रस उतू जाऊन खालच्या मिठात पडला, मीठ काळं झालं आणि घरभर जळका वास. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, पदर नाकाला लावला नि विचारलं, की हे खायाचं हाय का कुणी खाऊन टाकलेलं हाय. मेधाबाईंच्या पाहुण्यांनी मात्र डबा बोटांनी पुसून परत दिला. काम मला मिळालं. दोन दिवस मी गुणगुणतच फिरत होते.

आता पुढचं ऐक. दोन पुडे मीठ फेकायचं आत्याबाईंच्या जिवावर आलं. टाकलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं म्हणतात ना. मी धुणं घेऊन ओढ्यावर गेले होते, तेवढ्यात त्यांनी ते काळं मीठ कुटून, चाळून वर्षाच्या कैरीच्या लोणच्यात घातलं. काल बरणी उघडली. लोणचं डांबरासारखं, वास करपलेल्या काकवीचा, आणि फोड तोंडात घातली की चूल चाटल्यासारखं वाटतं. तुझे दाजी मोरीकडे पळाले. आत्याबाई गिळत राहिल्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग म्हणाल्या, की ह्या घरात पुन्हा असली भट्टी लागायची न्हाई.

येत्या शनिवारी मेधाबाईंकडे पहिला स्वयंपाक आहे, आणि त्यांना तेच गोड हवंय. नाही कळवायला माझी जीभ उचलत नाही. तुझं ते मिठाचं ‘अजून एक’ काय होतं?

तुझ्यावर राग आहे, लोभही आहेच.

तुझी,
ताई


मुळशी, १४ मे

ती. सौ. ताईस नमस्कार. वि. वि.

ते एक हेच होतं, की भट्टीचं मीठ खायचं नसतं. वेगळ्या डब्यात भरून पुढच्या वेळी भट्टीलाच वापरायचं. सारजामावशींना सांग, चूक त्यांची नाही. आणि ते लोणचं डुकरांपुढे टाका.

रिसॉर्टातलं काम मी काल सोडलं. चेऱ्यांऐवजी करवंदं घातली, तर शेफनं अख्खा ट्रे ओतून दिला. मला ह्या धरणाचा, त्या पाहुण्यांचा, माझ्या हाताला येणाऱ्या त्या पाकाच्या वासाचा वीट आलाय. शनिवारी मासळीच्या टेम्पोत बसून ताम्हिणी घाट उतरावा, माणगावला जावं म्हणतो. तिथं काय आहे माहीत नाही, म्हणूनच.

लांब गेलो तरी लोभ तेवढाच ठेव.

तुझा,
किशोर


रिहे, १५ मे

चि. किशोर यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. डुकरांचं आलं तशा त्या ताठ बसल्या. मीठ टाकायचं नाही हे त्यांचं ठरलेलंच होतं, आता ते खायचं कुणी तेही ठरलं. निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिते. ज्यानं मिठाची अर्धीच गोष्ट सांगितली, त्यानं हितं येऊन बरणी संपवायची. दोन्ही येळा, भाकरीसंगं, तोंड वाकडं न करता. बरणीचं बूड दिसंस्तवर कुटं जायचं न्हाई. आणि बसून खाणाऱ्याला काय तरी काम पायजे, म्हणून भट्टी लागू द्या, पातेलं तोच घासंल.

मेधाबाईंना मी हो कळवलंय. साबीरच्या गाडीत बस. माणगाव कुठं पळून जात नाही, पळतोस तू.

वाट बघते, लोभ समोर बसवून देईन.

तुझी,
ताई


मुळशी, १६ मे

ती. सौ. ताईस नमस्कार.

येतोय. टेम्पोवाल्याला नाही म्हटलं. ही चिठ्ठी साबीरच्या सकाळच्या फेरीनं पुढं, मी संध्याकाळच्या. पिशवीत कपड्यांपेक्षा करवंदं जास्त आहेत, उद्याच्या डब्यासाठी.

बरणी केवढी आहे ते तू लिहिलं नाहीस. साबीर म्हणतो त्यानं पाहिलीय. मी विचारलं, तर सांगत नाही, नुसता हसतोय.

किशोर