यामनाच्या विहिरीचे पाणी

मी, रकिया तय्यब सर्गिनी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार मेकनेस, कायद्याची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. हे रागाने लिहिलेले नाही. राग केव्हाच सरला, आता नुसती किळस उरली आहे.

१. आमच्या इस्लामी वारसा कायद्याने मिळकतीचा दोन तृतीयांश हिस्सा वारसाला जातोच. माझा वारस एकच, मुलगा अनास. तेव्हा हे घर त्याला मिळेल. मी दिले असे कोणी म्हणू नये, कायद्याने दिले.

२. उरलेल्या तृतीयांशावर माझी मर्जी चालते. बँकेतली शिल्लक त्यात बसते, ती सगळी यामना अल्लाल हिला द्यावी. अनासच्या ऑलिव्हच्या तेलघाण्याच्या खालच्या अंगाला तिचे शेत आहे. घाण्याचे काळे, आंबूस सांडपाणी त्याने हंगामामागून हंगाम ओढ्यात सोडले आणि तिची विहीर नासली. तिने दावा लावला आहे. या पैशातून तो पुढे चालवावा, मध्येच तडजोड करू नये.

३. समाजाप्रती जबाबदारी पाळल्याबद्दल अनासला मिळालेली काचेची ढाल माझ्या बैठकीत आणून ठेवलेली आहे. ती त्याने उचलून न्यावी. विहीर नासवून झाल्यावर या गृहस्थाने चौकात संगमरवरी नळ बांधला, त्यावर माझ्या वडिलांचे नाव कोरले आणि फोटोवाले बोलावले. यामना मला मानाने लल्ला म्हणते. ती म्हणाली, "लल्ला, माझंच पाणी नासवलं आणि मलाच पुण्य म्हणून पाजतोय तुमचा लेक. वर फोटोत हसा म्हणतो." तो दर ईदला हिरवी रिबीन बांधून तेल पाठवतो, ते मी दाराच्या बिजागऱ्यांना घालते. उरलेल्या बाटल्याही त्याच्याच.

४. माझी पुस्तके विद्यापीठाला. वकील मुनीरला त्यातले एकही देऊ नये. तो माझा विद्यार्थी आणि आता अनासचा वकील. दोघे मिळून माझी समजूत घालायला आले होते.

"आई, साठ घरांच्या चुली माझ्यावर पेटतात," अनास म्हणाला. "एका विहिरीपायी त्या विझवू? तूच शिकवायचीस ना, जास्तीत जास्त लोकांचं भलं ते खरं?"

"त्या बेरजेत यामनाला कुठं धरलंस?"

मुनीर मध्ये पडला. "बाई, नीती वेगळी, कायदा वेगळा. पाणी खराब असल्याचं शाबीत कुठं झालंय? अनासनं तर शपथेवर लिहून दिलंय, पाणी चांगलं आहे म्हणून."

माणसाला नुसते साधन म्हणून वापरू नये, हाही तास मी घेतला होता. त्या तासाला मुनीर बहुधा कँटीनमध्ये असावा. त्याचे अक्षर चांगले होते, एवढेच त्याच्याबद्दल बरे लिहिता येईल.

५. माझा अंत्यविधी. मयताला न्हाऊ घालायचे पाणी पाक लागते. घाण मिसळून रंग, वास किंवा चव बदललेली चालत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्यासाठी पाणी यामनाच्या विहिरीतून आणावे. अनासने ते स्वतः शेंदावे, बादलीला नाक लावावे आणि खालील दोन्ही साक्षीदारांसमोर सांगावे, की हे पाणी आईच्या अंगावर घालण्याजोगे आहे की नाही.

साक्षीदार अब्दुलआली म्हणतात, "बाई, एवढं कलम गाळा. लोक काय म्हणतील?" गाळणार नाही.

तो "नाही" म्हणाला, तर तो त्याचा कबुलीजबाब समजून साक्षीदारांनी न्यायालयात सांगावा आणि मला दुसऱ्या स्वच्छ पाण्याने न्हाऊ घालावे. "आहे" म्हणाला, तर बायकांनी मला त्याच पाण्याने न्हाऊ घालावे. पाप त्याच्या माथी.

त्याला पहिली आंघोळ मी घातली होती. पाणी आधी माझ्या कोपरावर घेऊन पाहिले होते.

सही: रकिया तय्यब सर्गिनी

समक्ष वाचून, समजून सही झाली.
साक्षीदार: अब्दुलआली बेर्रादा, इद्रिस झनीबर
स्थळ: मेकनेस. दिनांक: ११ नोव्हेंबर २०१९