तेल होतं, पाणी नव्हतं

बुधवार, संध्याकाळ

परवा कापडे गावी लग्न, आणि माझा चेहरा तेलकट असूनही ताणलेला. तिथल्या बायका म्हणणारच, "नवरा गेला नि सुकली बिचारी." त्यांच्या त्या किवेचीच धास्ती. म्हणून महिनाभर खोबरेल चोपडतेय, चकाकलं की साबणाने धुतेय, पुन्हा चोपडतेय. आज नणंद शांता म्हणालीच, "वैनी, पापड तळशील गो या तोंडावर!"

शेवटी वाचनालयातल्या मासिकात उलगडा झाला. कोरड्या त्वचेत तेल कमी असतं. शांताच्या पायावर नख ओढलं तर पांढरी रेघ उठली आणि ती किंचाळली. तिची त्वचा तशी; तिने अंघोळीनंतर ओलसर अंगालाच तेल लावायचं. पाणी कमी पडलेली त्वचा मात्र तेलकट असूनही ताणते, गालाला हलका चिमटा काढला की बारीक सुरकुत्या दिसतात. ती माझी. साबण कमी करायचा, पाणी प्यायचं.

"मग पाणी का पीत नाय?" शांताने विचारलं.

जेवताना माझा तांब्या हेच भरून ठेवायचे. ते गेल्यापासून चहावरच भागतं.

म्हणजे त्या बायकांचंच खरं निघालं की! इतका राग आला, की दोन तांबे एका दमात प्यायले.